इथे उलटं असतं

फोनवाले काका भित्रे आहेत असं कुणी म्हटलं असतं, तर अख्खी गल्ली पोट धरून हसली असती. एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजच्या पॉवररूममध्ये काढली. पॉवररूम म्हणजे तळमजल्यावरची लांबट खोली. कंबरेइतक्या उंचीच्या चोवीस बॅटऱ्या तिथे ओळीने उभ्या. गावची वीज गेली तरी फोन चालू राहायचे ते या चोवीस जणींमुळे, आणि त्या चोवीस जणी धड राहायच्या त्या काकांमुळे. घराच्या पॅसेजमध्ये खात्याचं शाबासकीचं पत्र फ्रेम करून टांगलेलं होतं. बावीस वर्षांपूर्वी पॉवररूममध्ये स्फोट झाला तेव्हा काकांनी जिवाची पर्वा न करता जखमी सहकाऱ्याला बाहेर ओढलं, त्याच्या डोळ्यांवर बादल्या बादल्या पाणी ओतलं, आणि त्याचा एक डोळा तरी वाचवला, असं त्यात लिहिलं होतं. आता अशा माणसाला भित्रा कोण म्हणेल?

पण काका भित्रे होते. आणि भीत कशाला होते, तर बॅटरीला. हसू नका. भिंतीवरच्या घड्याळातला बोटभर सेल संपला तरी काकूच स्टुलावर चढायच्या. रिमोट, टॉर्च, वजनाचा काटा, सगळं काकूंकडे. स्फोट झाला त्याच वर्षी ते निवृत्त झाले, तेव्हापासून घरात तो विषयच बंद होता. 'ह्यांनी फार सोसलंय,' असं काकू सांगायच्या, आणि ऐकणारा मान हलवायचा. झाकली मूठ बावीस वर्षं झाकलेली राहिली होती.

काकांना एकच मुलगी. तिचं खरं नाव मोठं भारदस्त, पण ते फक्त सहीपुरतं. घरात ती ठकी. वय चौतीस, काम नर्सचं. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन मलमपट्टी करायची, इंजेक्शनं द्यायची. दिवसाला सहा घरं, सहा टोकांना, म्हणून तिची ती करड्या रंगाची जुनी गाडी म्हणजे तिचे हातपाय. आणि ठकी म्हणजे कुणाला हाक मारील तर शपथ. गळका नळ असो, बिघडलेली इस्त्री असो, 'आधी मी बघते' हे तिचं वाक्य ठरलेलं. हा गुण कुठून आला, असं विचारलं की काकू काकांकडे बोट दाखवायच्या. काका त्या बोटाकडे बघायचे नाहीत.

तर एके दिवशी सकाळी गाडी चालूच होईना. चावी फिरवली की नुसतं टक् टक् टक्, आणि समोरचे दिवे मरतुकडे होऊन विझायचे. ठकीने बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी हिरवी पूड साचली होती, ती सोड्याच्या कोमट पाण्याने धुतली. तरी टक् टक्. शेजारच्या मास्तरांच्या गाडीवरून वायर लावली, तेव्हा इंजिन लगेच गुरगुरलं. बंद केलं, की पुन्हा मेलं. दिवसभराची सहाही घरं तिने मास्तरांच्या गाडीने उरकली आणि येताना नवी बॅटरी घेऊनच आली. पण जुनी टाकायच्या आधी तिला एक संधी द्यायची, हाही तिचाच स्वभाव. 'रात्रभर चार्जरला लावते. उठली तर उठली.' थंडीचे दिवस होते, म्हणून गॅरेजचं शटर तिने पूर्ण खाली ओढलं.

हे सगळं काका वरच्या खोलीत बसून ऐकत होते. ऐकत होते म्हणजे काय, कानांना झाकण नसतं म्हणून ऐकावं लागत होतं. हातात वर्तमानपत्र होतं आणि दुपारपासून पान उलटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला खालून ठकीची आरोळी आली, "आई, रात्रभर लावून ठेवली गं, तरी साडेदहा व्होल्टच्या वर जात नाही! बदलावीच लागणार!"

साडेदहा! काकूंना तो नुसता आकडा वाटला. काकांना माहीत होतं, चांगली बॅटरी साडेबाराच्या वर असते, आणि साडेदहाला अडून बसली म्हणजे तिच्या सहा कप्प्यांपैकी एक कप्पा मेला. मग चार्जरचं सगळं बळ उरलेल्या पाच कप्प्यांवर पडतं. ते रात्रभर उकळत बसतात आणि गॅस सोडतात. त्या गॅसला दिसणं नाही, आवाज नाही. एक ठिणगी मिळाली की झालं. आणि शटर खाली.

पायातल्या सपाता उलट्या घालूनच काका निघाले. गुडघा दुखरा, जिन्याच्या पायऱ्या तेरा. सहाव्या पायरीवर वास आला. नासक्या अंड्याचा. बावीस वर्षांत तो वास त्यांच्या नाकाला लागला नव्हता, पण नाक कसलं विसरतंय? कठडा धरून ते तिथेच उभे राहिले, आणि मग उरलेल्या सात पायऱ्या एकेक करून उतरले.

गॅरेजमध्ये पिवळा बल्ब लागला होता. बॉनेट उघडं. ठकी गाडीवर ओणवी झालेली, वेणी खांद्यावरून पुढे आलेली, आणि तोंड बॅटरीपासून वीतभर अंतरावर. चार्जर भिंतीला तसाच चालू. खाली टॉवेलवर नवी बॅटरी बसली होती. ठकीच्या उजव्या हातात दहा नंबरचा पाना होता.

"काय गं, मेकॅनिकला बोलावू या का?" काका दारातूनच म्हणाले. आवाज आपला आहे असं त्यांना वाटेना.

"बाबा!" ती हरखली. "तुम्ही आलात? आणि मेकॅनिक कशाला? दोन नट आणि एक पट्टी. एवढ्यासाठी दुपारपर्यंत त्याची वाट बघू? दहाला माझं पहिलं घर आहे."

"तुला जमेल?"

"बाबा, मी कुणाची मुलगी आहे?" ठकी हसली. "काल मी व्हिडिओही बघितला. त्यातला तो शहाणा सांगत होता, आधी काळी वायर सोडा. मी म्हटलं, गप रे बाबा! माझ्या बाबांनी एकतीस वर्षं बॅटऱ्या सांभाळल्या, तुला काय कळतंय? मला अजून पाठ आहे," आणि सात वर्षांच्या पोरीच्या चालीत तिने म्हणून दाखवलं, "आधी लाल, मग काळी, नाहीतर ठिणगी कपाळी!"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

ते गाणं त्यांनीच रचलेलं होतं. एका रविवारी ते ठकीला पॉवररूम दाखवायला घेऊन गेले होते. लाकडी स्टुलावर बसून, पाय हलवत, तिने ते शंभर वेळा म्हटलं होतं. आणि तिथे ते शंभर टक्के खरं होतं. एक्स्चेंजमध्ये लाल टोक जमिनीला जोडलेलं असतं. खोलीतलं सगळं लोखंड म्हणजे लालच समजायचं. म्हणून तिथे आधी लाल सोडायची. पाना कुठे टेकला तरी काही होत नाही. पण गाडीत सगळं उलटं. गाडीत काळी पत्र्याला जोडलेली असते, अख्खी गाडी म्हणजे काळं टोक. लाल आधी सोडायला गेलं आणि पान्याचं शेपूट पत्र्याला नुसतं शिवलं, की लाल आणि काळी एकमेकींना भिडल्या. फाडकन ठिणगी. आणि ही खोली रात्रभर गॅसने भरलेली, आणि ठकीचे दोन डोळे वीतभर अंतरावर.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगायचं की! घोडं अडलं कुठे? 'ठके, उलटं आहे, काळी आधी.' पाच शब्द. दुसऱ्या कुठल्याही बापाने सांगितले असते. पण चोराच्या मनात चांदणं. ठकी विचारणार, मग तुम्ही कधी बोलला का नाहीत? पोरीला नर्सिंगला लागून इतकी वर्षं झाली, गाडी घेऊन सात वर्षं झाली, एकदाही तुमच्या तोंडून निघालं नाही? आणि एकदा का ती विचारायला लागली, की तिचा हात त्या फ्रेमपर्यंत पोहोचणार.

"जरा थांब," ते म्हणाले. "मी... पाणी पिऊन येतो. हात लावू नकोस तोवर."

"या सावकाश."

आणि काका वळले. हो, वळले! पोरीला त्या खोलीत, त्या बॉनेटखाली सोडून, हा बाप पाणी प्यायला वर निघाला. मला विचाराल तर त्या क्षणी त्यांच्या मुस्कटात द्यायला हवी होती. पण भीतीने माणसाचं काय होतं ते भ्यालेल्यालाच माहीत. त्यांना मुलीच्या डोळ्यांची भीती होती, आणि मुलीच्या डोळ्यांतून उतरण्याचीही होती. दोन्ही एकदम उठल्या होत्या आणि कुठली मोठी ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

तेरा पायऱ्या चढून ते पॅसेजमध्ये आले. काकू ओट्यापाशी पोळ्या लाटत होत्या. "काय म्हणतेय ठकी?" त्यांनी विचारलं. समोर फ्रेम होती. काच पुसलेली, चकचकीत. 'प्रसंगावधान' हा शब्द त्यातल्या तिसऱ्या ओळीत होता. ते त्या शब्दाकडे बघत उभे राहिले.

तेवढ्यात खालून आवाज आला. टण्! पाना सिमेंटवर पडल्याचा. पाठोपाठ ठकीची पुटपुट, "थांब गं बाई, निघशील तू," म्हणजे ती थांबली नव्हती, तिने हात लावलाच होता, नट कडक होता आणि पाना हातातून सटकला होता. पुन्हा उचलून ती पुन्हा लावणार होती.

बावीस वर्षांपूर्वीही आधी हाच आवाज झाला होता.

त्या तेरा पायऱ्या काका कसे उतरले ते त्यांनाही सांगता आलं नाही. गुडघा होता की नव्हता, कठडा धरला की नाही, देव जाणे. ते गॅरेजात शिरले तेव्हा ठकीने पाना लालच्या नटावर बसवला होता आणि जोर लावायला खांदा पुढे केला होता. काकांनी जाऊन तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि ओरडले, "इथे उलटं असतं! ठके, इथे उलटं असतं!"

ठकी हबकली. बापाचा असला आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता.

"हळू," काका म्हणाले. त्यांच्या कपाळावर थंडीतही घाम होता. "पाना सरळ वर उचल. कुठेही टेकवू नकोस. हं. माझ्याकडे दे. आता मागे सरक. आणखी मागे. दारापर्यंत जा."

"पण बाबा..."

"जा!"

पाना हातात घेऊन त्यांनी कान दिला. बॅटरीतून बारीक सूं सूं आवाज येत होता, भांड्यात पाणी उकळायच्या आधी येतो तसा. चार्जरचे चिमटे तसेच ओढले तर तिथेही ठिणगी पडेल. म्हणून त्यांनी चिमट्यांना हात लावला नाही. भिंतीपाशी जाऊन आधी बटण बंद केलं. बटण दाबताना त्यांनी डोळे गच्च मिटले होते. काही झालं नाही. मग शटर वर ढकललं. बाहेरची गार हवा आत आली आणि ठकीच्या वेणीचे सुटे केस हलले.

"आता अर्धा तास कुणी आत यायचं नाही," ते म्हणाले आणि बाहेर पायरीवर मटकन बसले.

ठकी शेजारी बसली. तिने त्यांची नाडी धरली, नर्सच ती. "बाबा, एकशे वीस. काय झालं काय? उलटं असतं म्हणजे?"

काकांनी सांगितलं. आधी लाल आणि काळीचं सांगितलं, ते सोपं होतं. ठकीचा चेहरा पांढरा पडला. तिने गाडीकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. "म्हणजे तो व्हिडिओवाला..."

"तो बरोबर होता. चुकलो मी."

"चूक कसली? तुमच्याकडे तसंच होतं की."

इथे थांबता आलं असतं बघा. पोरीनेच दार उघडून दिलं होतं, निसटायला जागा होती. काकांनी हातातल्या पान्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गॅरेजवाल्याचं तुला ठाऊक आहे ना?"

गॅरेजवाला म्हणजे तोच, ज्याचा डोळा गेला. खात्याच्या मोटार गॅरेजातून बदली होऊन तो पॉवररूमला आला होता, म्हणून त्याचं नाव गॅरेजवाला पडलं. घरातल्या सगळ्यांना तो माहीत होता. वर्षातून एकदा, स्फोटाच्या तारखेला, त्याचा न चुकता फोन यायचा. 'दादा, तुमच्यामुळे निम्मं जग दिसतंय,' म्हणायचा. तो फोन ठेवला की काका दोन दिवस जेवायचे नाहीत.

"तिसरा दिवस होता त्याचा," काका सांगायला लागले. "चोवीस जणींपैकी एक काढायची होती. सगळ्यांसमोर छाती काढून म्हणाला, बॅटऱ्या म्हणजे माझ्या हातचा मळ, गाडीची असो नाहीतर फोनची, मला डोळे मिटून जमतं. सगळे हसले. मला राग आला गं. माझी खोली, आणि हा कालचा आलेला... नव्या माणसाला पहिल्या दिवशी पहिलं वाक्य सांगायचं असतं, इथे उलटं असतं. मला माझ्या साहेबांनी सांगितलं होतं. ते सांगायचं काम माझं होतं. मी म्हटलं, एवढा शहाणा आहे ना, विचारेल तर सांगू."

ठकीने त्यांचं मनगट सोडलं.

"त्याने गाडीच्या सवयीने पाना काळीला लावला. मी बघत होतो. ठके, मी त्याच्या हाताकडेच बघत होतो. एकदा पाना सटकून खाली पडला. त्याने उचलला, परत लावला. तेवढ्या वेळात चार वेळा सांगून झालं असतं. मला वाटलं, ठिणगी उडेल, जरा दचकेल, जिरेल त्याची. खोलीतला गॅस बाहेर फेकणारा पंखा सकाळपासून बंद आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं."

"मग चौकशी झाली तेव्हा?"

"चौकशीत लिहिलं, सूचना दिली होती, कामगाराची जुनी सवय नडली. खाली माझी सही. त्याला त्या सकाळचं काही आठवत नव्हतं. त्याला वाटतं मी सांगितलं होतं आणि तो विसरला. आणि मला शाबासकी मिळाली."

मागे कपबशी वाजली. काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. त्यांनी कप पायरीवर ठेवला. काकांची मान वर होईना.

"तरीच," काकू म्हणाल्या. "मी ती काच दर आठवड्याला पुसते. तुम्ही एकदाही तिच्यासमोर थांबला नाहीत. मला वाटायचं, साधा माणूस आहे, लाजतो." एवढंच बोलून त्या आत गेल्या. आरडाओरडा केला असता तर बरं, असं काकांना वाटलं.

अर्धा तास झाला. ठकी उठली आणि बॅगेतून तिचा पारदर्शक चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. दुसरा काकांना दिला. "चला. तुम्ही सांगा, मी करते."

"मी करतो."

"तुमचे हात बघा आधी."

हात खरंच लटपटत होते. मग काका बोलत गेले आणि ठकी करत गेली. चिमटे काढले. लालवर जाड कोरडं फडकं टाकलं. काळीचा नट सोडला, वायर लांब वाकवून तिच्या टोकावर रबरी हातमोजा चढवला, म्हणजे ती आपोआप परत येणार नाही. मग फडकं काढून लाल. मग खालची पट्टी. जुनी बॅटरी एका बाजूला फुगली होती आणि त्या बाजूने अजून गरम होती. ठकीने ती दोन हातांनी उचलली तेव्हा काका श्वास धरून उभे होते. नवी बसवली. पट्टी, मग लाल, आणि सगळ्यात शेवटी काळी. काळी टेकताना बारीकशी ठिणगी उडाली, चट्! एवढी तर नेहमीच होते. काका तीन हात मागे उडाले आणि पाठ भिंतीवर आपटली. ठकी हसली नाही.

तिने चावी फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली.

मग तिने फोन काढला, पहिल्या घरी कळवलं की आज उशीर होईल, आणि पलीकडचं दार उघडलं. "बसा."

"कुठे?"

"तुम्हाला माहीत आहे कुठे. त्याचा डोळा गेला तेव्हा तुम्ही पाणी ओतलंत, ते खरं. पण बाकीचं त्याला कळायला हवं. आणि ते मी नाही सांगणार."

काका म्हणाले, उद्या. काका म्हणाले, फोनवर सांगतो. काका म्हणाले, त्याचं वय झालं, त्याला त्रास होईल. ठकी दार धरून उभीच राहिली. शेवटी ते बसले. काम संपल्यावर ठकीने हातात दिलेला पाना मुठीत तसाच राहिला होता, हे त्यांना निम्म्या रस्त्यात कळलं. प्रत्येक वळणावर वाटत होतं, आता इंजिन बंद पडावं. पण नवी बॅटरी, ती कशाला बंद पडतेय!

गॅरेजवाला तळमजल्याच्या दोन खोल्यांत एकटाच राहायचा. वाचनालयाच्या दारात लोकांच्या पिशव्या सांभाळायचं काम होतं त्याला, संध्याकाळचं. दार उघडून त्याने मान जराशी उजवीकडे कलती केली, चांगला डोळा समोर आणायला. "दादा! आज फोन न करता स्वारी? आणि ही ठकी का? केवढी झाली!" तो आनंदाने थेट स्वयंपाकघरातच घेऊन गेला. तिथला नळ ठिबकत होता आणि त्याला चिंधी बांधलेली होती. "त्याच्याकडे बघू नका. प्लंबर येतो म्हणून महिना झाला, येत नाही."

काका त्या चिंधीकडे बघत राहिले. हा माणूस एके काळी अख्खा गिअरबॉक्स उघडून तासाभरात परत बसवायचा.

"मी तुला सांगितलं नव्हतं," काका उभ्याउभ्याच म्हणाले. बसलो तर निघणार नाही हे त्यांना कळत होतं. "इथे उलटं असतं, हे मी तुला सांगितलं नव्हतं. तू चुकतोयस हे दिसत होतं आणि मी गप्प राहिलो. मुद्दाम. चौकशीत खोटी सही केली."

ठिबक. ठिबक. गॅरेजवाला खुर्चीच्या पाठीला धरून होता.

"सांगितलंच नव्हतं?"

"नाही."

"मी विसरलो नव्हतो?"

"नाही रे."

"दादा, बावीस वर्षं मी आठवतोय." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "तुम्ही काय सांगितलं होतं, कुठे उभं राहून सांगितलं होतं. रात्रंदिवस आठवतोय. मला वाटायचं, एवढं साधं वाक्य ज्याच्या डोक्यात राहिलं नाही त्याच्या हाती पाना द्यायचा नाही. मी पान्याला हात लावला नाही पुन्हा. घरातला नळ..." तो थांबला. मग त्याने दोन्ही हात समोर धरले आणि मान कलती करून त्यांच्याकडे बघितलं. "म्हणजे माझा हात बरोबर होता."

"हात बरोबर होता. जागा वेगळी होती. ते मी सांगायचं होतं."

काका मान खाली घालून उभे राहिले, मारेल तर मारू दे म्हणून. गॅरेजवाल्याने मारलं नाही. माफ केलं असंही म्हणाला नाही. "चहा विचारणार नाही आज," एवढंच बोलला, आणि बाहेर चालायला लागला. त्याच्या मागून हे दोघे. गाडीपाशी तो थबकला. बॉनेटवर हात ठेवला. ते गरम होतं.

"बॅटरी बदललीत?"

"आत्ताच," ठकी म्हणाली. "मी."

"उघड."

ठकीने बॉनेट उघडलं. त्याने मान वाकवली, कलती केली, आणि दोन्ही टोकं बोटांनी चाचपली. लालचा क्लॅम्प तिरका बसला होता. काळी हलत होती. "अशी धावली तर आठवड्यात बंद पडेल. दोन्ही सोडून परत बसवायला हव्यात," तो स्वतःशीच म्हणाला. मग मागे न बघता त्याने हात पुढे केला, तळवा वर करून.

पाना काकांच्या मुठीत होता. बोटं उघडेनात. तोच हात, तशीच बॅटरी, आणि उरलेला एकच डोळा वीतभर अंतरावर. ठकीने बॅगेतून आपला पारदर्शक चष्मा काढून गॅरेजवाल्याच्या कानांवर अडकवला. काकांनी दुसऱ्या हाताने स्वतःची बोटं सोडवली आणि पाना त्या तळव्यावर ठेवला.

गॅरेजवाल्याने पाना तोलून बघितला. मग तो तसाच ओणवा, वर न बघता म्हणाला, "सांगा दादा. आधी कुठली?"

"काळी," काका म्हणाले. मग पुन्हा मोठ्याने म्हणाले, "इथे काळी आधी."

त्याने पाना काळीला लावला. काका मागे सरकले नाहीत.